कोणी हललं नाही, तरी तक्ता बदलला: चामोर्शी तालुक्यातल्या एका बाजारगावाचं प्रकरण

गडचिरोली जिल्ह्यातल्या चामोर्शी तालुक्यातल्या एका बाजारगावाने आपल्यात कोण कोण राहतं ते कागदावर मांडायचं ठरवलं, त्याचं हे प्रकरण. गावाचं आणि माणसांची नावं दिलेली नाहीत. जात, दाखला आणि जमीन यांचं बोलणं निघालं की एवढ्या लहान गावात एका ओळीवरून घर ओळखू येतं.

निमित्त साधं होतं. 'आमचं गाव, आमचा विकास' या कार्यक्रमात ग्रामपंचायतीला विकास आराखडा करावा लागतो आणि त्याच्या सुरुवातीला गावाची माहिती भरावी लागते. लोकसंख्येचे तीन आकडे लागतात: एकूण, अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती. अनुसूचित जाती-जमातींसाठीचा निधी लोकसंख्येच्या प्रमाणात ठेवायचा असतो, त्यामुळे या आकड्यांवर पैसा ठरतो. ग्रामसेवकाने २०११ च्या जनगणनेतले आकडे उतरवून आणले आणि ग्रामसभेत वाचून दाखवले. मागे बसलेले ढिवर, म्हणजे मासेमारी करणाऱ्या समाजाच्या, मोहल्ल्यातले एक काका उठले. "यातल्या कोनत्या रकान्यात आमी?" ग्रामसेवक म्हणाला, "एकूणमध्ये आहात ना काका." काका म्हणाले, "एकूनमंदी त सारेच रायतात. आमी कोठी?"

सभेत याचं उत्तर कोणाजवळ नव्हतं. मग दोन अंगणवाडी सेविका, कॉलेजात शिकणारी चार-पाच पोरं-पोरी आणि आम्ही काही शिक्षक यांनी घरोघर जायचं ठरवलं. विचारायचं ते एवढंच: घरात कोणती भाषा बोलता, धर्म कोणता सांगता, जात किंवा जमात काय सांगता, आणि या गावात कोणत्या पिढीपासून आहात. सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहायचं आणि नंतर सरकारी रकान्यांशी ताडून पाहायचं. ताडून पाहण्याचं काम माझ्याकडे होतं आणि प्रकरणाचा खरा गुंता तिथेच समोर आला.

ही गट ग्रामपंचायत आहे. तिच्यात मूळ गाव, दोन टोले (म्हणजे पाडे) आणि एक बंगाली वसाहत येते. मूळ गावाच्या मधोमध बाजारचौक. चौकाभोवती किराणा आणि कापडाची दुकानं, त्यातली जुनी कोमटी घरं तेलंगणातून आलेली. आडनावाच्या शेवटी 'वार' आहे, पण नातवंडांना तेलुगू कळतं तेवढं बोलता येत नाही. चौकाच्या मागे कुणबी आणि तेली यांच्या आळ्या, धानाच्या बांध्या बहुतेक त्यांच्याच. मामा (माजी मालगुजारी) तलावाच्या पाळीखाली ढिवर मोहल्ला. शाळेच्या पलीकडे बौद्धवस्ती आणि तिचा विहार. जनावरं जमतात त्या आखराच्या कडेला गोवारी घरं. कुंभार, लोहार, न्हावी, वरठी, बुरड यांची दोन-दोन चार-चार घरं मधूनमधून, एक छोटी मुस्लीम गल्ली, मातंगांची थोडी घरं. जंगलाच्या बाजूला गोंड टोला आणि त्यातच परधानांची घरं. दुसरा टोला मुख्यतः माना जमातीचा. आणि कालव्याच्या पलीकडे, सरळ रेषेत आखलेल्या रस्त्यांची बंगाली वसाहत. तिला सगळेजण 'कॅम्प' म्हणतात. तिथे घराजवळ तळं खोदलेलं असतं, त्यात मासे असतात, आणि परसात केळी आणि भाजीपाला.

बाजाराच्या दिवशी हे सगळं एका मैदानावर येतं. वांगी आणि दोडके बहुतेक कॅम्पचे. मोहफूल, डिंक, बांबूचे सुपडे टोल्यांवरून येतात. मासळीच्या रांगेत ढिवर बाया आणि बंगाली दुकानदार समोरासमोर बसतात. त्यांच्यात भाव तुटतो, वर्षानुवर्षं तुटत आला आहे, आणि दिवाळीनंतर मंडईच्या जत्रेला नाटक आलं की तीच माणसं एका मंडपात रात्र काढतात.

आमच्यातल्या एका मुलाने सुरुवातीलाच विचारलं की वंशाप्रमाणे गट पाडता येतील का. आदिवासी वेगळ्या वंशाचे, बाकीचे वेगळे, असं त्याने कुठेतरी वाचलं होतं. मला हा रस्ता मुळातच चुकीचा वाटतो. चेहऱ्यावरून आणि रंगावरून या गावात कोणालाच कोणाची जात सांगता येणार नाही, आणि ज्यांनी पूर्वी डोकी मोजून वंश ठरवले त्यांचं शास्त्र आता टिकलेलं नाही. भाषेने गट पाडले तर तेही ओळखीच्या कप्प्यांत बसत नाहीत. गोंडी ही द्रविड कुळातली, म्हणजे तेलुगूची नातेवाईक. मराठी, बांगला, हळबी आणि छत्तीसगढी या आर्य कुळातल्या. या हिशेबाने टोल्यावरचा गोंड आणि चौकातला कोमटी एका बाजूला जातात, आणि ज्याला सारं गाव 'बाहेरचा' म्हणतं तो बंगाली कुणब्याच्या बाजूला येतो. भाषेचं कूळ आणि माणसाचं कूळ या वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या मुलाला पटवायला एवढं पुरलं.

आता जिल्ह्याचं चित्र पाहू, कारण गावचा तक्ता त्याच साच्यात भरायचा होता. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून गडचिरोली वेगळा झाला. २०११ मध्ये त्याची लोकसंख्या १०,७२,९४२ होती. त्यात अनुसूचित जमाती ३८.७ टक्के, अनुसूचित जाती ११.३ टक्के. म्हणजे राहिलेले निम्मे लोक जनगणनेच्या जातीच्या तक्त्यात नावानिशी नाहीतच. मातृभाषेचा तक्ता पाहिला तर मराठी निम्म्याहून थोडी जास्त, गोंडी सुमारे पाव, तेलुगू ७ टक्क्यांच्या आसपास आणि बांगला ६ टक्क्यांच्या आसपास. जमाती ३८ टक्क्यांवर आणि गोंडी पाव, हा फरक आमच्या टोल्यांवर डोळ्यांनी दिसतो. परधान घरांत मराठी आहे, माना टोल्यात झाडीबोली, म्हणजे इकडची मराठी बोली, आहे, आणि गोंड टोल्यातही शाळेत जाणारी पोरं आजीशी गोंडीत आणि आपसात मराठीत बोलतात. भाषेच्या तक्त्यातून या गावचे आदिवासी मोजले तर अर्धे हरवतील.

धर्माच्या रकान्यात वेगळीच पंचाईत. गोंड टोल्यावर काहींनी 'हिंदू' सांगितलं, काहींनी 'गोंडी धर्म', एका घरात बापाने एक आणि मुलाने दुसरं. जनगणनेत सहा मोठ्या धर्मांना स्वतंत्र स्थान आहे, बाकी सगळे 'इतर धर्म' या ओळीत जातात. २०११ मध्ये देशभरात दहा लाखांहून थोड्या जास्त लोकांनी तिथे गोंड किंवा गोंडी असं लिहवून घेतलं होतं. जमातीच्या दाखल्याला धर्माची अट नाही, त्यामुळे काहीही लिहिलं तरी हक्क जात नाही; हे टोल्यावर समजावून सांगितल्यावर बोलणं मोकळं झालं. तोवर लोकांच्या मनात होतं की 'हिंदू' नाही म्हटलं तर दाखला अडेल. ही भीती खरी आहे, कारण या गावाने धर्मामुळे रकाना बदलताना पाहिलेला आहे.

तो बदल बौद्धवस्तीचा.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दीक्षा घेतली आणि पुढे चांद्यालाही (आजच्या चंद्रपूरला) दीक्षा सोहळा झाला. आजच्या महाराष्ट्राच्या हद्दीत १९५१ मध्ये बौद्धांची संख्या अडीच हजारांच्या आत होती. १९६१ मध्ये ती २७ लाख ९० हजारांच्या जवळ गेली. गावात माणसं तीच, घरं तीच, विहीर तीच. पण अनुसूचित जातींच्या राष्ट्रपतींच्या आदेशात तेव्हा हिंदू आणि शीख यांचाच समावेश होता, म्हणून बौद्ध लिहिणारा माणूस अनुसूचित जातीच्या तक्त्यातून बाहेर पडला. राज्य सरकारने नवबौद्धांना सवलती १९६० पासून दिल्या, केंद्राच्या यादीत मात्र ते १९९० च्या दुरुस्तीने आले. याचा परिणाम राज्याच्या आकड्यांत सरळ वाचता येतो. महाराष्ट्रातल्या अनुसूचित जातींचं प्रमाण १९६१ मध्ये ५.६ टक्के, १९७१ मध्ये ६, १९८१ मध्ये ७.१, आणि १९९१ मध्ये एकदम ११.१ टक्के.

हा कोणत्याही समाजाच्या जन्मदराचा आकडा नाही. तरीही "दलितांची संख्या किती वाढली पाहा" असं बोलणारे लोक मी ऐकले आहेत, शिकलेले लोक. आमच्या बौद्धवस्तीत सत्तरी ओलांडलेल्या एका आजोबांनी सांगितलं की त्यांच्या वडिलांना शेजाऱ्यांनी सुचवलं होतं, कागदावर महार राहू द्या, मनात बौद्ध राहा. वडिलांनी ऐकलं नाही. तीसहून जास्त वर्षं वस्ती केंद्राच्या हिशेबात अनुसूचित जात नव्हती आणि तेवढा काळ तिने कागदासाठी धम्म बदलला नाही. आकड्यातल्या त्या खोल पोकळीचा मला वाटणारा अर्थ हा आहे, आणि गावाच्या इतिहासात तो लिहिला गेलाच पाहिजे.

दुसरा मोठा बदल जमातींच्या रकान्यातला. १९७६ च्या कायद्याआधी विदर्भात बहुतेक जमातींना मान्यता होती ती काही तालुक्यांपुरती: मेळघाट, चांदा जिल्ह्यातली गडचिरोली आणि सिरोंचा तहसील, यवतमाळ जिल्ह्यातली केळापूर, वणी आणि यवतमाळ तहसील. आमचं गाव तेव्हाच्या गडचिरोली तहसिलीत, म्हणून इथला गोंड यादीत. वैनगंगेच्या पलीकडचा गोंड, ज्याच्याशी यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा रोटी-बेटी व्यवहार, तो यादीबाहेर. नदी ओलांडून सून म्हणून आलेल्या बाईचं सासर यादीत आणि माहेर बाहेर. १९७६ च्या कायद्याने राज्यातली ही हद्द काढली आणि पुढच्या वर्षी तो अमलात आला. महाराष्ट्रातल्या अनुसूचित जमाती १९७१ मध्ये २९.५ लाख होत्या, १९८१ मध्ये ५७.७ लाख झाल्या, प्रमाण ५.९ वरून ९.२ टक्क्यांवर गेलं. हद्द उठल्यावर ज्यांचा हक्क होता ते आत आले, आणि नावाच्या साधर्म्यामुळे ज्यांचा दावा वादात आहे असेही काही आले असा आरोप झाला. दोन्ही गोष्टी घडल्या. पण नदीपलीकडच्या गोंडांना बाहेर ठेवण्यात कसलंही शहाणपण नव्हतं, यावर आमच्या टोल्यावर तरी दुमत नाही.

वादात असलेल्यांपैकी एक समाज आमच्या आखरावरच आहे. गोवारी गाई राखतात. दिवाळीत गायगोधनाच्या दिवशी त्यांची ढाल निघते आणि त्या दिवसापुरता गावाचा मान त्यांच्याकडे असतो. यादीत 'गोंड गोवारी' असं नाव आहे. गोवारी म्हणतात, ते आम्हीच. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी हीच मागणी घेऊन नागपूरला विधानभवनावर गेलेल्या मोर्चात चेंगराचेंगरी झाली आणि ११४ जण मेले, त्यात बाया आणि लेकरं कितीतरी. पुढे राज्याने त्यांना विशेष मागास प्रवर्गात घातलं. १४ ऑगस्ट २०१८ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने म्हटलं की गोंड गोवारी नावाची वेगळी जमात उरलेलीच नव्हती, म्हणून यादीतलं नाव गोवारींचंच. १८ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला: गोवारी आणि गोंड गोवारी वेगळे, आणि यादीत भर घालण्याचा अधिकार संसदेचा, न्यायालयाने चौकशी करून नावं वाढवायची नाहीत. स्वतःला हळबा जमातीतले म्हणवणाऱ्या कोष्टींच्या दाव्यात २००० मध्ये घटनापीठाने हेच तत्त्व सांगितलं होतं. मधल्या सव्वादोन वर्षांत ज्यांना प्रवेश किंवा नोकरी मिळाली त्यांना न्यायालयाने संरक्षण दिलं.

आमच्या गावात याचा अर्थ असा की एकाच चुलीवर जेवणाऱ्या दोन चुलतभावांपैकी एकाने त्या काळात प्रवेश घेतला, तो सुटला. धाकटा बारावीत होता, तो राहिला. आमच्या यादीत दोघांनीही 'गोवारी' एवढंच लिहवलं. सरकारी रकान्यात ते कुठे घालायचे यावर आम्ही बराच वेळ घासाघीस केली आणि शेवटी 'विशेष मागास प्रवर्ग' असं लिहून शेजारी त्यांचं म्हणणं नोंदवलं.

कॅम्पवर मी जास्त लिहिणार आहे, कारण या गावातली सगळ्यात मोठी गफलत तिथली आहे आणि गावकऱ्यांनाच ती नीट माहीत नव्हती.

मूळ गावातल्या कोणालाही विचारा, कॅम्पची जात काय? उत्तर येतं, "बंगाली." जणू बंगाली हीच जात. घरोघर गेलेल्या पोरांनी परत येऊन सांगितलं की बहुतेक घरांनी 'नमशूद्र' लिहवलं आहे. थोडी घरं पौंड्र क्षत्रिय म्हणवणारी, काही कायस्थ. नमशूद्र म्हणजे पूर्व बंगालच्या दलदलीच्या मुलखात भातशेती आणि मासेमारी करणारा, उच्चवर्णीयांनी अस्पृश्य ठरवलेला समाज. खुलना, जेसोर, फरीदपूर, बारिसाल हे त्यांचे जिल्हे. कॅम्पमधल्या म्हाताऱ्या बायांना ही नावं अजून पाठ आहेत. संध्याकाळी जे कीर्तन चालतं, ज्यात डंका वाजतो आणि हरिबोल घुमतो, ते मतुआ पंथाचं. १८१२ साली जन्मलेल्या हरिचाँद ठाकुरांनी सुरू केलेल्या या पंथात भटजी लागत नाही.

१९६४ च्या जानेवारीत पूर्व पाकिस्तानात खुलना आणि ढाका भागात दंगे झाले आणि लोंढेच्या लोंढे सीमा ओलांडून आले. पश्चिम बंगालात जागा नव्हती. रायपूरजवळच्या माना नावाच्या ठिकाणच्या कॅम्पात त्यांना ठेवलं आणि तिथून मध्य भारतातल्या जंगलपट्ट्यांत वसवलं. दंडकारण्य प्रकल्पाची मुख्य वसाहत बस्तर आणि कोरापुटमध्ये; त्याच काळात चांदा जिल्ह्यातही गावं वसवली गेली, आणि आज चामोर्शी आणि मुलचेरा तालुक्यांत सुंदरनगर, विवेकानंदपूर, शांतिग्राम अशी नावं दिसतात ती त्यामुळे. ज्यांना दलदलीतलं भात येत होतं त्यांना मुरमाड जमीन मिळाली. त्यांनी तळी खोदली, उन्हाळी धान आणि भाजी काढली. पण जंगल तोडून दिलेली ती जमीन कोणाची तरी होती: गोंड टोल्यावरच्या म्हाताऱ्यांना कालव्यापलीकडचा मोहाचा पट्टा आठवतो, आणि त्यावेळी आपल्याला कोणी विचारलं नाही हे ते स्पष्ट सांगतात. ते खरं आहे. दोन गरीब समाजांना एकमेकांसमोर सरकारने आणून ठेवलं आणि स्वतः निघून गेलं, हे माझं स्पष्ट मत आहे.

नमशूद्र ही पश्चिम बंगालात अनुसूचित जात आहे, आसामातही आहे. महाराष्ट्राच्या यादीत नाही. घटनेच्या ३४१ व्या कलमाखालची यादी राज्यागणिक असते, आणि एका राज्यातला दर्जा दुसऱ्या राज्यात सोबत नेता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये स्पष्ट केलं. स्वखुशीने राज्य बदलणाऱ्याला हा नियम लावायला हरकत नाही. पण हे लोक महाराष्ट्रात स्वतःच्या मर्जीने आले नव्हते, सरकारने ट्रकात बसवून आणून उतरवले. रायपूरच्या कॅम्पातून कोणता ट्रक कुठे वळला यावर पुढच्या तीन पिढ्यांचा दर्जा ठरला. याच लोकांचे भाऊ बंगालात राहिले ते अनुसूचित जात आहेत.

बौद्धवस्तीत हे सांगितलं तेव्हा तिथल्या एका निवृत्त गुरुजींनी एक गोष्ट पुढे आणली जी आमच्या कोणाच्याच ध्यानात नव्हती. १९४६ मध्ये बाबासाहेब घटना समितीवर निवडून गेले ते मुंबई प्रांतातून नाही, बंगालमधून. मुंबईत त्यांना वाट नव्हती. बंगालातल्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे नेते जोगेंद्रनाथ मंडल यांनी मतं उभी केली, आणि मंडल नमशूद्र होते, बारिसालचे. फाळणीत तो मुलूख पाकिस्तानात गेला म्हणून बाबासाहेबांना पुन्हा मुंबईतून निवडून यावं लागलं. मंडल पाकिस्तानचे पहिले कायदामंत्री झाले आणि १९५० मध्ये राजीनामा देऊन भारतात परतले. ज्या समाजाच्या बळावर बाबासाहेब घटना समितीत पोचले, त्या समाजाची माणसं आमच्या कालव्यापलीकडे राहतात आणि त्या घटनेच्या ३४१ व्या कलमाखालच्या आमच्या राज्याच्या यादीत ती नाहीत. गुरुजींनी हे सांगितल्यावर त्या वर्षीच्या १४ एप्रिलच्या कार्यक्रमाला कॅम्पमधल्या मंडळींना आवतन गेलं. आधी ते जात नव्हतं असं नाही, पण ते 'गावातले बंगाली' म्हणून जात असे.

कॅम्पचा दुसरा अडथळा जंगलाच्या हक्काचा. २००६ च्या वनहक्क कायद्यात आदिवासी नसलेल्यांना 'इतर पारंपरिक वननिवासी' म्हणून दावा करता येतो, पण १३ डिसेंबर २००५ च्या आधी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं, तिथे राहिल्याचं दाखवावं लागतं. १९६४ नंतर आलेल्या माणसाला १९३० चा पुरावा कुठून मिळणार? ही अट आदिवासींच्या जंगलाचं रक्षण करण्यासाठी आहे आणि ती असायला हवी असंच मी म्हणेन. मात्र याच अटीत आमचे ढिवर आणि कुणबीही अडकतात, कारण पिढ्यान्‌पिढ्या इथे असूनही त्यांच्याजवळ कागद नाही. तलावावर आणि नदीवर जगणाऱ्याचा सातबारा नसतो.

आता 'बाकी' राहिलेल्यांचं. कुणबी, तेली, माळी, ढिवर, गोवारी, कुंभार, न्हावी, कोमटी, मुस्लीम आणि कॅम्प, सगळे जनगणनेत एकाच न लिहिलेल्या रकान्यात आहेत. त्यांच्या दाखल्यांवर मात्र फरक आहे: ढिवर भोई गटातले म्हणून भटक्या जमाती 'ब' मध्ये, गोवारी विशेष मागास, कुणबी-तेली इतर मागास, बंगाली बहुतांशी खुल्या गटात. गावातलं सगळ्यात टोकाचं भांडण याच गठ्ठ्यातून निघालं. गडचिरोली जिल्ह्यात जिल्हास्तरीय नोकरभरतीत इतर मागासांचं आरक्षण राज्याच्या १९ टक्क्यांऐवजी बरीच वर्षं ६ टक्के होतं. पुढे ते वाढलं. २०१४ मध्ये राज्यपालांच्या अधिसूचनेने अनुसूचित क्षेत्रातली तलाठी, ग्रामसेवक, शिक्षक, वनरक्षक अशी पदं स्थानिक आदिवासींसाठी राखली. चामोर्शी तालुक्याची काही गावं अनुसूचित क्षेत्रात, काही बाहेर. कुणबी-तेली पोरं म्हणतात, आम्ही याच मातीतले, अर्ज भरायचा कुठे? टोल्यावरची पोरं म्हणतात, शाळेत गोंडी कळणारा एकही गुरुजी आम्ही पाहिला नाही, आत्ता कुठे येतोय.

मी दुसऱ्या म्हणण्याकडे झुकतो. ज्या लेकराला पहिलीत मास्तरांची भाषाच कळत नाही त्याचा हक्क आधी. पण पहिल्या म्हणण्यातला राग खोटा नाही, आणि तो वाढतो याचं एक कारण म्हणजे या निम्म्या लोकांचा खरा आकडा कोणाजवळच नाही. सगळ्या जातींचे पूर्ण आकडे शेवटचे जाहीर झाले ते १९३१ च्या जनगणनेत. तेव्हापासून प्रत्येक समाज आपली संख्या अंदाजाने सांगतो आणि प्रत्येकाचा अंदाज स्वतःच्या सोयीचा असतो. आमच्या गावातच पाच समाजांनी सांगितलेल्या टक्केवाऱ्यांची बेरीज शंभराच्या पुढे गेली होती. घरोघरच्या नोंदी समोर ठेवल्यावर ती चर्चा बंद झाली.

शेवटी आम्ही दोन तक्ते केले. एक सरकारी रकान्यांचा, तीन आकड्यांचा, २०११ चाच. कारण निधीची विभागणी त्यावरच होते आणि ते बदलण्याचा अधिकार पंचायतीला नाही. दुसरा लोकांनी स्वतः सांगितलेल्या नावांचा, ज्यात भाषा, धर्म, समाज आणि येण्याचा काळ असे चार स्वतंत्र स्तंभ होते आणि एका घराची एका स्तंभातली जागा दुसऱ्या स्तंभातून ठरवलेली नव्हती. ज्या समाजाची घरं अगदी थोडी, त्यांचे आकडे फलकावर द्यायचे नाहीत असं बुरड आणि मातंग घरांशी बोलून ठरवलं. दोन घरांचा आकडा म्हणजे त्या दोन घरांचं नावच. दुसरा तक्ता आराखड्याला परिशिष्ट म्हणून जोडला. त्याच्या आधारे ग्रामसभेने दोन ठराव घेतले: मामा तलावाच्या मासेमारीच्या ठेक्यात ढिवरांच्या संस्थेला प्राधान्य, आणि टोल्यावरच्या अंगणवाडीत गोंडी बोलणारी मदतनीस. पहिल्या ठरावाला कॅम्पमधल्या मासळीवाल्यांनी आधी विरोध केला. त्यांची स्वतःची तळी आहेत आणि ढिवरांकडे तलावाशिवाय दुसरं काही नाही, हे त्याच तक्त्यातून त्यांना दाखवता आलं, तेव्हा ते तयार झाले.

आता मोठी मोजणी येते आहे. ३० एप्रिल २०२५ रोजी केंद्राने पुढच्या जनगणनेत सगळ्या जाती मोजण्याचा निर्णय घेतला आणि तिची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. गावातले काही शिक्षक प्रगणक असतील. त्यांना आमचं एवढंच सांगणं आहे की माणूस जे नाव सांगेल ते जसंच्या तसं लिहा. 'बंगाली', 'झाडे', 'आदिवासी' असं आपल्या सोयीने उरकू नका, आणि गोवारी सांगितलं तर त्याच्या पुढे किंवा मागे गोंड जोडू नका आणि काढूही नका.

गोंड टोल्यावर धर्माचं काय लिहवायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं असं झालं आहे. कॅम्पमध्ये मात्र अजून एकमत नाही. म्हाताऱ्यांना 'नमशूद्र' लिहवायचं आहे, म्हणजे उद्या यादीसाठी मागणी करताना आकडा हाताशी राहील. तरुणांपैकी काहींना ते नाव नको आहे: तीन पिढ्या खुल्या गटात राहून त्यांनी जी बरोबरी मिळवली ती एका नोंदीने जाईल आणि बदल्यात काही मिळणार नाही, असं त्यांना वाटतं. मी दोन्ही बाजूंच्या घरी बसून आलो. माझं मत म्हाताऱ्यांच्या बाजूचं आहे आणि ते मी त्यांना सांगितलं. पण नोंद त्यांची आहे.